बावीस वीत जागा

नूरबीच्या हातची गादी ज्यानं एकदा घेतली, तो पुन्हा दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही, असं नांदुऱ्यात म्हणतात. म्हणजे नूरबी तरी तसं म्हणते, आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत गावात कुणाची नाही. गिऱ्हाईक गादीच्या खोळीचं कापड घेऊन आलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "भिजवलं काय?" नसेल भिजवलं तर कापड परत. "सुती हाय बाप्पा, पयल्या पान्यात आटते. मंग मलेच नावं ठेवसान." तीस वर्षांत हा नियम तिनं कुणासाठी मोडला नाही. मोडला तो एकदाच, तिनं स्वतः. ही गोष्ट त्याचीच आहे.

रेल्वे फाटकाच्या पलीकडे जुन्या जिनिंगचं मैदान आहे. कधीकाळी तिथं सरकी काढायची यंत्रं दिवसभर घरघरायची आणि कामगार पापणीपापणीवर कापूस घेऊन घरी जायचे. मग यंत्रं बंद पडली, मालक निघून गेले, कामगार मात्र जाणार कुठं? भिंतीच्या आधारानं टिनाची छपरं घालून तिथंच राहिले. तेवीस छपरं. नूरबीचा नवरा युसूफ तिथंच कामाला होता. तो गेल्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

ही जागा आपल्याला घरांसाठी द्या म्हणून या लोकांनी किती अर्ज केले, याची गणती ठेवायचं त्यांनी पुढं सोडूनच दिलं. एकदा एका बिल्डरनं चार-पाच घरांतली माणसं फोडली होती, सह्याही घेतल्या होत्या, आणि सगळं मुसळ केरात जायची वेळ आली होती. तेव्हापासून वस्तीनं एक नियम केला. काहीही ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून. एकानं जरी नाही म्हटलं, तरी काम तिथंच थांबेल. अशा नियमानं काही होत नसतं, असं शहाणी माणसं म्हणायची. पण झालं. मैदान वस्तीच्या गृहनिर्माण संस्थेला मिळालं. बिल्डर नाही, मधला माणूस नाही. घर कसं हवं ते राहणाऱ्यांनी सांगायचं, आणि मजुरीला हातही त्यांनीच लावायचा.

संस्थेचे अध्यक्ष झाले वामनराव. जिनिंगमधले जुने फिटर, नटबोल्टशिवाय कशावर विश्वास नसलेला माणूस. घरं कुणाकुणाला द्यायची याची पाहणीही वस्तीनंच केली, दारोदार वही घेऊन. आणि नेमकी तेव्हाच नूरबी जळगाव जामोदला गेली होती, मुलीच्या, गुलनाजच्या बाळंतपणाला. चाळीस दिवस छपराला कुलूप. वही घेऊन फिरणाऱ्यानं 'बंद' असं लिहिलं, ते उतरवून घेणाऱ्याला वाटलं छप्पर रिकामं आहे, आणि यादी बावीस नावांची होऊन वर तिच्यावर शिक्काही बसला. नूरबी नातवाचे लाड करून परत आली, तेव्हा नकाशाही तयार होता. कडुनिंबापासून जुन्या वजनकाट्यापर्यंत एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बावीस घरं. पुढं रस्ता, मागं नाली. बोट ठेवायला जागा नाही.

वामनराव तिच्याकडे येऊन बसले. तीन कप चहा प्याले, तरी तोंडातून शब्द निघेना. शेवटी नूरबीच म्हणाली, "असू द्या भाऊ. तुमी मुद्दाम थोडीच केलं."

"दुसऱ्या टप्प्यात पाहू," वामनराव म्हणाले.

दुसरं मैदान कुठं आहे, हे तिनं विचारलं नाही. घरं उभी राहिली की छपरं पडणार होती आणि मग तिला गुलनाजच्या सासरी जाऊन राहावं लागणार होतं. जावई चांगला होता, प्रश्न तो नव्हता. ज्या बाईनं तीस वर्षं स्वतःच्या सुईवर पोट भरलं, तिला लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून उरलेले दिवस काढायचे नव्हते, एवढंच. पण हे बोलायचं कुणाजवळ? ज्यांनी चूक केली ते सगळे तिचेच होते. त्यांच्यावर रुसून ती जेवली असती कुणाकडे?

नकाशा करणारी इंजिनीअर खामगावची होती, प्रतीक्षा नावाची. वयानं लहान, पण मोठी हुशार पोरगी. ती म्हणाली, "कागदावरचं घर कुणाला कळत नाही. तुम्ही असं करा, मैदानात चुन्याच्या फक्कीनं घरं आखा, खऱ्या मापाची. एक रविवार त्यात राहून बघा. स्वयंपाक करा, खाटा टाका, भांडा सुद्धा. मग काय बदलायचं ते मला सांगा. सोमवारी मी टेप घेऊन तपासायला येते."

कल्पना सगळ्यांना पसंत पडली. राहिला प्रश्न मापाचा. प्रतीक्षानं लांब टेप पाठवते म्हटलं, तर वामनरावांना राग आला. जिनिंगवाल्यांनी माप उसनं आणायचं? युसूफनं स्वतः वळलेली सुताची दोरी होती न! कापसाच्या गाठींच्या थप्प्या आखायला त्यानं केली होती, आणि ती कधी केसभर चुकली नव्हती. नूरबीनं पेटीच्या तळातून ती काढून दिली. शुक्रवारी वामनरावांनी ती पट्टीनं मोजली, बरोबर अठरा फुटांवर कापली, दोन्ही टोकांना लाल धागा बांधला. एका घराची रुंदी अठरा फूट. दोरी रविवारपर्यंत परत नूरबीकडे ठेवायला दिली.

शनिवारी सकाळी तिनं ती हातात घेतली, तर हात काळे झाले. नऊ वर्षांची धूळ आणि वरून चुलीचा धूर. चांगल्या कामाला असली मळकी दोरी द्यायची? युसूफ काय म्हणेल? तिनं बादलीत साबण घातला, दोरी बुडवली, चांगली खळखळून धुतली आणि उन्हात वाळत टाकली. एप्रिलचं ऊन ते, दुपारपर्यंत दोरी कडकडीत वाळली आणि पांढरीशुभ्र दिसू लागली. नूरबीला फार बरं वाटलं. आणि 'भिजवलं काय' विचारणाऱ्या बाईला त्या दिवशी दुसरं काहीही आठवलं नाही.

रविवारचा तो दिवस ज्यांनी पाहिला ते अजून हसतात. दोरीचं एक टोक वामनरावांच्या हातात, दुसरं नूरबीच्या, मागं फक्कीचं घमेलं घेऊन बायका. कडुनिंबापासून सुरुवात केली आणि दहा वाजायच्या आत बावीस घरं आखून झाली. तरी वजनकाट्याजवळ बरीच जागा उरली. वामनराव खूश. "म्या म्हनलं नोतं काय? कागदावर मैदान नेहमी लहानच दाखवतात!"

मग बिऱ्हाडं आत शिरली. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या पांढऱ्या रेघा. पण माणसं दारातूनच आत जात होती. कुणी रेघ ओलांडली की आतून आवाज यायचा, "दार दिसत नाई काय बे?" सहाव्या घरात शालूबाईनं चूल मांडली, झुणका टाकला, खाट लावून लांब झाली आणि ओरडली, "अवो, पाय पुरून उरले! मोठं हाय घर!" बाविसावं घर कारभारीचं. तो ऑटो चालवतो. त्याची एकच अट होती, घरासमोर ऑटो आडवी उभी राहून वर माणसाला जायला वाट उरली पाहिजे. त्यानं ऑटो आणून लावली, बाजूनं दोनदा जाऊन पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. संध्याकाळी वामनरावांनी प्रत्येकाला विचारलं. बावीसच्या बावीस जणांनी सांगितलं की घर पुरतं, चांगलं पुरतं, काही बदलायचं नाही. नूरबी घरोघर पाहुणी म्हणून जेवली. प्रत्येकानं तिला बसवून वाढलं, आणि कुणालाही तिच्या डोळ्यांत पाहवलं नाही.

सोमवारी प्रतीक्षा आली. पोलादी टेप लावला, पुन्हा लावला, मग म्हणाली, "हे अठरा फूट नाही. सतरा फूट दोन इंच आहे. प्रत्येक घर दहा इंचांनी कमी आखलंय."

"होईच शकत नाई," वामनराव म्हणाले. "दोरी आना."

दोरी मोजली. सतरा फूट दोन इंच. वामनराव दोरीकडे पाहतच राहिले. शुक्रवारी त्यांनी स्वतः मोजली होती. लाल धागे जागच्या जागी होते.

नूरबीनं दोरीचं टोक चिमटीत धरून पाहिलं. तिला कळलं. इतरांना कळायला वेळ लागला असता, कदाचित कधीच कळलं नसतं. गप्प बसणं काही अवघड नव्हतं. पण तिची जीभ तशी नव्हती.

"म्या धुतली," ती म्हणाली. "शनवारी. मळली होती म्हून. सुती दोरी, पयलं पानी... आटली."

मग प्रतीक्षानं वहीत आकडे मांडले. दहा इंच, बावीस घरं. म्हणजे अठरा फुटांच्या वर. "म्हणून शेवटी जागा उरली," ती स्वतःशीच म्हणाली. "एका घराची."

ते शब्द सगळ्यांनी ऐकले. आणि कारभारी बोलून गेला, "एका घराची? चाची, हिशोबानं धुतली काय दोरी?"

नूरबीला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं होतं आणि तिनं प्रत्येकाला व्याजासकट परत केलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं काहीच परत केलं नाही. घर मिळालं नाही हे तिनं गिळलं होतं. हे गिळता येईना. तिनं दोरी गुंडाळली, काखेत धरली आणि प्रतीक्षाला म्हणाली, "पोरी, टेपाचं टोक दे माह्या हातात. म्या बिघडवलं, म्याच सुदरवते. चाल, पयल्या घरापासून."

गेरूनं लाल रेघा पडू लागल्या. पहिल्या घरापाशी लाल रेघ पांढरीच्या दहा इंच पुढं, दुसऱ्यापाशी वीस, तिसऱ्यापाशी तीस. नूरबी टोक धरून वाकत होती, उठत होती, मान वर करत नव्हती. असं करत सहाव्या घरापर्यंत आल्या, तर शालूबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी.

"नूरबी, थांब. हे काय चालू हाय? माही चूल पंचफुलाच्या घरात गेली!"

खरंच होतं. सगळं पुढं सरकल्यानं शालूबाईची कालची राख आता शेजारच्या पंचफुलाच्या लाल रेघेत पडली होती. पंचफुला म्हणाली, "मंग झुणकाही माह्याकडंच येऊ दे." लोक हसले. शालूबाई हसली नाही.

"म्या काल अठीच झोपली. माहे पाय पुरले. म्या सगळ्यायसमोर मोठ्यानं म्हनली, घर मोठं हाय. आता आज मले दहा इंच अजून कायले पायजे? रातभरात म्या लांब झाली काय?" मग ती वामनरावांकडे वळली. "भाऊ, काल तुमी सगळ्यायले इचारलं. कोनी म्हनलं काय, कमी पडते म्हून?"

वामनरावांनी मान हलवली. नाही.

"मंग ते उरलेलं राहू द्या. तिचं घर तठी होते."

नूरबीच्या हातातलं टेपाचं टोक सुटलं आणि टेप सुर्रकन आत गेला.

प्रतीक्षा खरं बोलणारी मुलगी. तिनं लगेच हुरळून जाऊ दिलं नाही. "करता येईल," ती म्हणाली. "पण तेवीस घरांचा नकाशा नवा करावा लागेल, नवी मंजुरी लागेल. पाया या उन्हाळ्यात भरता येणार नाही. म्हणजे सगळ्यांना आणखी एक पावसाळा टिनाखाली. हे समजून घ्या आणि मग ठरवा."

दहा इंच, म्हणजे वीतभर जागा, देणं एक वेळ सोपं होतं. पावसाळा देणं सोपं नव्हतं. टिनाखालचा पावसाळा काय असतो हे तिथल्या प्रत्येकाच्या हाडांना माहीत होतं.

वामनरावांनी घसा साफ केला. "नियम सगळ्यायले ठाव हाय. ज्याले कालचं घर मंजूर हाय, त्यानं आपापल्या पांढऱ्या चौकटीत जाऊन उभं राहावं. एकही चौकट रिकामी राहिली, तर टेपानं आखू."

शालूबाई उभीच होती. पंचफुला आपल्या जागी गेली. मग रामराव हमाल, मग रेल्वेत चहा विकणारा आसिफ बायकोपोरांसह. वामनराव स्वतः कडुनिंबाखालच्या पहिल्या चौकटीत जाऊन कवायतीला उभं राहावं तसे उभे राहिले. एक-एक चौकट भरत गेली. नूरबी रस्त्याच्या जागेवर एकटी उभी होती, दोरी काखेत धरून, आणि तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

एकवीस चौकटी भरल्या. बाविसावी रिकामी. कारभारी ऑटोला टेकून उभा होता.

"ऑटो बसली होती न बे काल?" शालूबाई ओरडली.

"ऑटोचं नाई मामी." त्यानं खाली पाहिलं. "माह्या छपरात पानी पयले शिरते. माय झोपून हाय. अजून एक पावसाळा तिले कुठी ठेवू, सांगा तुमी."

खरी अडचण होती ती.

"त्याले कोनी काही म्हनू नका," नूरबी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज नेहमीसारखा निघाला. "बरोबर बोलून राह्यला तो. टेपानं आखा." मग कारभारीकडे वळून, जशी काही रोजचीच गोष्ट असावी तशी म्हणाली, "आन् मायची काऊन फिकर करतं? मागच्या साली कुठी होती ते? माह्या ओट्यावर, अकरा दिवस. औंदाही येईन. घर भेटो का नाई भेटो, छप्पर हाय तंवर ते माह्याचकडं झोपन."

अकरा दिवस. कारभारी विसरला होता, असं नाही. पण माणसाला आठवायचं नसलं की आठवत नाही. छपरांत गुडघाभर पाणी होतं तेव्हा नूरबीनं स्वतःची खाट त्याच्या आईला दिली होती आणि आपण कापसाच्या गाठोड्यावर झोपली होती.

तो ऑटोत बसला आणि त्यानं ती सुरू केली. लोकांना वाटलं, चालला. नूरबीलाही तसंच वाटलं. ऑटो फाटकाकडे वळली, एक गोल फेरा घेतला, परत आली आणि बाविसाव्या चौकटीत, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबली. कारभारी आतच बसून राहिला, दोन्ही हात हँडलवर ठेवून, पुढं पाहत.

शालूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि वर सगळ्यांना सांगितलं की फक्की डोळ्यात गेली.

नव्या नकाशाचे कागद घेऊन प्रतीक्षा किती वेळा नगर परिषदेत गेली असेल, देव जाणे. दर वेळी तिला स्टेशनवरून आणणं आणि परत सोडणं कारभारीनं केलं, आणि भाड्याचं नाव काढलं की तो ऑटोचा आरसा पुसत बसायचा. त्या एका वाक्याची माफी त्यानं कधी मागितली नाही. नूरबीनंही ती मागू दिली नाही. पावसाळाभर त्याची आई तिच्या ओट्यावर होती आणि दोघी म्हाताऱ्या दिवसभर गावाची उणीदुणी काढत मजेत राहिल्या.

पुढच्या वर्षी, थंडी ओसरता ओसरता, घरं उभी राहिली. तेवीस. किल्ल्या वाटल्या त्या दिवशी नूरबीनं बिस्मिल्ला म्हणून कुलूप उघडलं, आणि शालूबाईनं मागून येऊन गॅसवर दूध उतू घालवलं. नव्या घरात दूध उतू गेलंच पाहिजे, यावर ती काही ऐकून घेणार नव्हती. गुलनाज लेकराला घेऊन आली होती. ती आता आईच्या घरी पाहुणी होती, आणि नूरबीला या गोष्टीचं एवढं समाधान वाटत होतं की ते तिनं चारदा बोलून दाखवलं.

दुपारी सगळे जेवणाच्या पंगतीत होते तेव्हा कारभारी तिला बोलवायला आला. पाहतो तर नूरबी दारासमोरच्या ओट्यावर गुडघे टेकून बसलेली. वजनकाट्याकडच्या टोकापासून सुरू करून ती हाताची वीत टाकत सरकत होती आणि प्रत्येक वितीला काहीतरी पुटपुटत होती. तो जवळ गेला.

"...हे पंचफुलाची. हे शालूबाईची. हे रामरावची, हे आसिफची..."

बोटं ताणून ती एक-एक वीत टेकवत होती, प्रत्येक नावापाशी थोडी थांबत होती. वामनरावांची वीत टाकताना तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. एकविसावी झाली. बाविसावी वीत कारभारीच्या भिंतीच्या अगदी जवळ आली.

"हे कारभारीची," ती म्हणाली, आणि तो मागं उभा आहे हे तिला तेव्हा दिसलं.

भिंतीपर्यंत थोडी जागा अजून शिल्लक होती, दोन बोटांची. त्या जागेकडे पाहून कारभारी म्हणाला, "चाची, हे दोन बोटं कोनाची राह्यली?"

नूरबीनं त्या जागेवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"दोरी वळनाऱ्याची," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि दोघं जेवायला गेले.